तेविसावं पान

चित्रकथा काढून पोट भरणारी ती दर महिन्याला बावीस पानं पाठवायची. संपादक मात्र तेवीस पानांचे पैसे द्यायचे.

"ते जास्तीचं पान माझं नाही. त्याचे पैसे नकोत मला," शेवटी तिने फोनवर ठणकावलं.

"अहो, रेघ तर तुमचीच आहे! थांबा, आजवरची ती जास्तीची पानं सगळीच पाठवतो."

प्रत्येक पानावर तिचीच खोली होती. टेबलाशी वाकून ती चित्र काढत होती, पाठमोरी. दर महिन्याला तिची पाठ आणखी जवळून दिसत होती.

घाबरून हातातलं काम टाकणाऱ्यांतली ती नव्हती. तिने टेबल फिरवलं, भिंतीला पाठ घट्ट टेकवली आणि बावीस पानं पुरी करून पाठवली.

संपादकांनी लगेच तेविसावं पान धाडलं. त्यातही ती पाठमोरीच होती, मानेवरचा तीळ दिसेल इतक्या जवळून.