झाकणावरचा दगड

नोकरीच्या पहिल्या पगारातून मी आईला गॅस आणि कुकर घेऊन दिला, कारण चुलीच्या धुरानं तिचा खोकला हटत नव्हता. दिवाळीला हैदराबादहून औरादला आले आणि गॅसजवळ बसले, तर आईनं कुकरच्या झाकणावर जात्याचा वरचा दगड ठेवला. मधल्या भोकातून शिट्टी डोकावत होती. “झाकण उडू नये म्हणून,” आई म्हणाली. ही भीती राहिली, तर मी गेल्यावर ती पुन्हा चूलच पेटवणार. मी गॅस बंद केला, दगड उतरवला आणि झाकणाचं क्षेत्रफळ दाबानं गुणलं. “अव्वा, आतली वाफ झाकणाला तीनशे किलोच्या जोरानं ढकलती. तुझा दगड पंधरा किलोचा! झाकण कडेच्या खाचांनी धरलंय, दगडानं न्हाई. मग रोज एवढं वजन कामून उचलायलीस?” “रोज कोण उचलतंय, येडे? एकटी असले की कुकर तसाच लावते. आज तू जवळ बसायलीस म्हणून ठेवला.”