शेपटी कशी आहे?

"बोलतोय बघ," व्हर्ना आत्या खाटेवरूनच म्हणाली. "मी सांगत नव्हते? ओकोकोई आलाय."

लोरिंडा अर्धवट झोपेत होती. उजाडत होतं, पण उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा पातळ होता आणि टेकडीवरचे उंच सग्वारो निवडुंग त्यात नुसते तरंगत होते. कुठूनतरी होला घुमत होता. तो आवाज स्वप्नातून बाहेर आला की बाहेरून स्वप्नात शिरला, हे तिला सांगता आलं नसतं.

ओकोकोई म्हणजे पंखावर पांढरा पट्टा असलेला होला. तो या टेकडीवर येऊन बोलला की सग्वारोची फळं पिकली, आणि फळं पिकली की सगळ्यांनी इथे राहायला यायचं, अशी या घरची रीत. कॅलेंडर कुणी बघत नाही, वर्षभर इथे एकटीने राहणाऱ्या आत्याचा शब्द चालतो. रक्तातल्या साखरेने तिचे डोळे नेले, कान तेवढे ठेवले. तीन दिवसांपूर्वी तिने फोनवर "आला!" एवढंच सांगितलं आणि तिचा भाऊ डेल्बर्ट रजा टाकून, त्याची मुलगी लोरिंडा टूसॉन शहरातून, काठ्या, बादल्या, पाक उकळायची पातेली घेऊन हजर झाले.

फळं हिरवीगार होती. काल संध्याकाळी डेल्बर्टने लांब काठीने एक पाडलं, चाकूने चिरलं आणि आतला पांढरा गर बघून टाकून दिलं. तेव्हा तो गप्प बसला. जेवताना मात्र त्याला राहवलं नाही.

"ताई, डोळे गेलेच होते, आता कानही गेले तुझे. उद्या सामान भरू. तू लोरिंडाबरोबर टूसॉनला जा. इथे एकटीने राहणं आता पुरे."

"सकाळी तो पक्षी नीट बघा," आत्या म्हणाली होती. "ओकोकोई नसला तर मी स्वतः होऊन गाडीत बसेन. हूं की चूं करणार नाही."

आता डेल्बर्ट वळकट्या बांधत होता. "जा, बघून ये," तो लेकीला म्हणाला. "आणि खरं काय ते सांग. आत्याचे लाड नकोत."

लोरिंडाने बूट झटकून पायात घातले. पक्षी ते झोपले होते त्या मांडवाच्याच खांबावर बसला होता, अगदी घरच्यासारखा.

"पंखावर पांढरं आहे?" आत्याने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! आत्याने इथून हलू नये असं लोरिंडालाही मनापासून वाटत होतं. टूसॉनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती कान देणार तरी कशाला?

"नाही," ती म्हणाली. "पांढरं नाही. सगळाच फिकट आहे. धुळीत लोळून आल्यासारखा."

"मग नेहमीचा होला असेल. शेपटी कशी आहे? टोकदार?"

"नाही गं. चौकोनी आहे, कात्रीने कापल्यासारखी. आणि मानेवर काळी रेघ आहे. मागूनच, अर्धी."

"काळी रेघ?" आत्या उठून बसली. "असा पक्षीच नाही."

"समोर बसलाय की पण."

"गळपट्टा घालून आलाय," डेल्बर्ट म्हणाला. "कुणाच्या तरी घरून पळाला असेल लेकाचा."

आत्या हसली नाही. पक्षी पुन्हा घुमला आणि तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. ओ. को. को.

"तीनच म्हणतोय," ती हळूच म्हणाली. "ओकोकोई स्वतःचं नाव पुरं घेतो. हा तिसऱ्यावरच थांबतो. डेल्बर्ट, ई मीच घातली रे."

डेल्बर्ट वळकटीवरून उठला.

"रोज पहाटे ऐकायची आणि रोज ई घालायची. मला वाटायचं, फळं पिकायच्या आत तुम्ही मला नेणार. म्हणून घाई झाली." ती पायाने चपला चाचपू लागली. "कान चांगले आहेत माझे. खोटारडी मी आहे. चला, भरा सामान."

लोरिंडाच्या खांद्याला धरून ती पिकअपपर्यंत गेली आणि पुढच्या सीटवर बसली. हात मांडीवर, तोंड टेकडीकडे. लोरिंडाला रडू आवरेना. खरं बोलल्याचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

ऊन टेकडीवरून खाली उतरू लागलं. पक्षी पुन्हा बोलला. ओ, को, को. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत तिघंही श्वास रोखून थांबले. डेल्बर्टसुद्धा, खांद्यावर आत्याची वळकटी घेऊन, डोळे मिटून.

बऱ्याच वेळाने त्याने वळकटी खाली टाकली आणि दोरी सोडायला घेतली.

"ऐकलीस ना, ताई?" तो म्हणाला.

"काय?"

"ई. आली की. लांबून आली, एवढंच. ओकोकोई आठेक दिवसांवर असेल."