पहारेकऱ्याची चूक

मास्तरांनी पँटच्या दुमडीत सुई तशीच टोचून ठेवली आणि फोन नाकाशी धरला. फिरस्ती आली होती! वेशीच्या दाराबाहेर, थंडीने काकडत, खांद्याला जखम घेऊन.

"मास्तर, माझी पँट?" बाकावरचा बस-ड्रायव्हर म्हणाला. "पाचला ड्युटी आहे माझी."

"दम धरा हो जरा. इथे माणूस दारात उभं आहे."

ड्रायव्हरने वळून दाराकडे पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं.

असणार कसं? दार होतं फोनमधल्या ग्रुपवर. तिथे बारा-पंधरा जण एकेक सोंग घेऊन पाळीपाळीने लिहायचे आणि एकच गोष्ट पुढे न्यायचे. मास्तर झाले होते वेशीवरचा पहारेकरी आणि फिरस्ती होती त्यांची लेक, सख्खी. दोन वर्षांत तिने बापाचा फोन उचलला नव्हता. लेकीने परगावी नोकरी करू नये म्हणून मास्तरांनी तिच्या नावाने राजीनामा परस्पर धाडून दिला होता ना! हा ग्रुप दाखवला तिच्या मावशीने. "पत्ता मागू नका भाऊजी, लांबून बघा फक्त," असं बजावूनच. पहारेकरी कोण, हे लेकीला ठाऊक नव्हतं. तिथे खरं नाव सांगायचं नाही आणि दुसऱ्याला विचारायचंही नाही, अशी रीत होती.

तीन आठवडे ओस वेशीवर पहारा देऊन मास्तर पार कंटाळले होते आणि आज ही समोर! एका बोटाने त्यांनी झपाझप लिहिलं: 'पहारेकऱ्याने दार उघडले. फिरस्तीचा हात धरून तिला आत आणले. ती गरम दूध प्यायली आणि शांत झोपली.'

पाठवलं आणि मांडीवर थाप मारली. आली एकदाची घरात!

ग्रुप चालवणाऱ्या बाईंचं उत्तर मिनिटभरात आलं. 'पहारेकरी, हे काय? दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे. तुम्ही फक्त दार उघडा. आत यायचं की नाही ते तिचं ती लिहील.'

मास्तरांचे कान तापले. एवढ्यात खाली लेकीचंही आलं. 'असू दे बाई, नवीन आहेत ते. पण दादा, माझ्या वतीने दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला खरंच सोसत नाही. एकदा भोगलंय मी.'

दादा! हसावं की रडावं, मास्तरांना कळेना. 'अगं, मी तुझा बाप' एवढं लिहूनही झालं. पण हे पाठवलं की ती ग्रुप सोडून जाणार, मग एवढंसुद्धा दिसायचं नाही. त्यांनी एकेक अक्षर पुसलं.

मग नव्याने लिहिलं: 'पहारेकऱ्याने दार उघडले आणि तो बाजूला उभा राहिला.'

आता पाळी तिची. मास्तर बघत बसले. ती काहीतरी लिहीत होती, थांबत होती, परत लिहीत होती. ये गं बाई, ये, मास्तर पुटपुटले. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पँटचं नाव काढलं नाही.

'फिरस्तीने उघडे दार पाहिले. आत उजेड होता. तिने पहारेकऱ्याला नमस्कार केला, खांद्यावरची पट्टी आवळली आणि ती पुढच्या गावाची वाट चालू लागली.'

मास्तरांचं बोट फोनवर तसंच राहिलं. तिला ओढून आणणं त्यांच्या हातात नव्हतं. वेस सोडून मागे धावायचं, तर ती केव्हाच पुढे गेली होती.

बाईंचा निरोप आला: 'वा, पहारेकरी! अगदी असंच लिहायचं असतं.'

त्याखाली टाळ्या पडू लागल्या. पहिली फिरस्तीची होती.