वस्तीला माणूस

चावी फिरवली तशी आतून फक्त कट् असा आवाज आला. गंगारामने पुन्हा फिरवली. पुन्हा कट्. समोरचा लाल दिवा जरासा लुकलुकला आणि विझून गेला.

महिन्यातली ही चौथी खेप. ट्रक घेऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. लोक खटारा गाड्या घेऊन घाट चढत होते आणि याची कोरी करकरीत गाडी अंगणातून हलायला तयार नव्हती.

सीटमागच्या फळीवर आप्पा उठून बसले.

"आज पन?" त्यांनी विचारलं.

गंगारामने चावी काढली आणि तो खाली उतरला. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती, आणि समोर बाप होता.

आप्पांनी चाळीस वर्षं मासेमारीच्या मचव्यावर तांडेलकी, म्हणजे होडीची कप्तानकी, केली होती. नांगरलेल्या मचव्यावर रात्री वस्तीला माणूस हवाच, हा त्यांचा शिरस्ता. मचवा विकून तीन वर्षं झाली, पण ट्रक दारात आला त्या रात्रीच ते घोंगडी घेऊन केबिनमध्ये निजायला गेले. रात्री चावीही त्यांच्याचकडे. गंगारामची बायको दमयंती त्याला म्हणाली होती, "असूंदे. म्हाताऱ्याचा जीव रमतोय."

त्यामुळे गाडीला कोणी बाहेरचा हात लावेल ही शक्यताच नव्हती. उरला गाडीतला दोष. तो शोधायला रत्नागिरीचा भिकाजी वायरमन तीनदा येऊन गेला. त्याने एकेक वायर सोडवून पाहिली, डायनॅमो तपासला, बॅटरी बदलली. कंपनीचा माणूस कोल्हापुराहून आला आणि चहा पिऊन म्हणाला, "उतरताना सगळं बंद करता ना?" वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या माणसाला हे विचारायचं! दमयंतीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या. बॅटरी उतरायची ती उतरतच होती.

आज मात्र गळ्याशी आलं होतं. पावस गावच्या काशीरामशेटने निरोप धाडला होता: चारपर्यंत गाडी बागेत लागली नाही तर आंब्याच्या पेट्या दुसऱ्याच्या गाडीत भरू, या हंगामाला तुमचं काम बंद. काशीरामशेटची बाग धरूनच गंगारामने ट्रक घेण्याची हिंमत केली होती.

भिकाजी आला, बॅटरीवर मीटर लावला: बॅटरी नवी, तरी पार रिकामी. मग गंगारामला फणसाखाली बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीत दोष नाय. रात्री कोनतरी चावी फिरवून ठेवतंय."

"रात्री आप्पा असतात."

"म्हनून तर सांगायला जड जातंय," भिकाजी म्हणाला आणि दुकानातून भरलेली बॅटरी आणायला गेला.

गंगारामचं डोकं सणकलं. आता सगळं जुळत होतं. ट्रकचे निम्मे पैसे धाकट्या भावाच्या, सदूच्या जहाज कंपनीने भरपाई म्हणून दिलेले. सदू मचवा सोडून परदेशी जहाजावर गेला तेव्हा आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी जहाज बुडाल्याची तार आली. तारेनंतर आठ दिवसांनी सदूने आधी धाडलेली कॅसेट पोचली, आप्पांच्या नावावर. गावातल्या खलाशांची पत्रं तेव्हा अशीच, बोलून भरलेली यायची. घरात टेप नव्हता. शेजारून आणू म्हटलं तर आप्पा म्हणाले, "खाडीत टाकली मी. त्याचं नाव काढू नका." आणि ट्रक घेतानाही हेच म्हणाले होते, "त्या पैशाची गाडी दारात नको."

गंगाराम केबिनपाशी गेला. आप्पा अजून आतच होते.

"उतरा खाली."

आप्पा उतरले.

"तुमाला ही गाडी नकोच होती. तसं तोंडावर सांगायचं. रोज रात्री बॅटरी मारून माझ्या पोरांच्या तोंडचा घास कशाला काढता?"

आप्पांनी मान वर केली नाही. "मी काय मुद्दाम..." इतकंच म्हणाले आणि थांबले. मग पायरीला हात घालत म्हणाले, "जरा आत जाव दे. माझं राहिलंय."

गंगारामने आतली घोंगडी ओढून त्यांच्या हातात दिली आणि दाराला कुलूप घातलं. "आजपासनं तुमी ओटीवर निजायचं."

घोंगडी छातीशी धरून आप्पा तिथेच उभे राहिले. दमयंतीने जेवायला हाक मारली, तरी हलले नाहीत. गंगारामला त्यांची दया आली नाही. उलट संताप आला, इतकं करून वर हा हट्ट.

तीन वाजता भिकाजी टेंपोतून बॅटरी घेऊन आला. दोघांनी मिळून ती बसवली. भिकाजीने नट आवळले आणि हात पुसत म्हणाला, "मार चावी."

गंगाराम वर चढला. आप्पा दोन पावलं पुढे आले. "गंगाराम, थांब," ते म्हणाले.

गंगारामने चावी फिरवली. इंजिन लागायच्या आधीच डॅशबोर्डखालचा टेप खरखरला. मुंबईहून हौसेने बसवून आणलेला तो टेप त्याने स्वतः कधी लावलाच नव्हता. खरखरीतून एक आवाज वर आला आणि गंगारामचा हात चावीवरच राहिला. इतक्या वर्षांनी ऐकला तरी सदूचा आवाज ओळखायला क्षण लागला नाही.

"...तर आप्पा, राग आता सोडा. मी आलो की पैल्या रात्री तुमच्यासंगती मचव्यावर वस्तीला येतंय, लहानपनी यायचो तसा. तवर एकटे निजू नका."