यंत्राची जागा

अविश्वास ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला, तसं तो मांडणाऱ्या हेमांगी पोतनीसांनीच धास्तावून पंतप्रधानांच्या खुर्चीकडे पाहिलं. मंगळावरच्या या वसाहतीचा पंतप्रधान एक यंत्र होतं आणि सगळ्यांची हवा त्याच्या ताब्यात होती. शेजारच्या वसाहतीने असंच यंत्र राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं होतं. मुदत संपेपर्यंत त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. हे तरी खुर्ची सोडेल?

"सभापती महोदय, मी पायउतार होतो," यंत्र म्हणालं. हवेचा ताबा त्याने लगेच सोडला. "आता कुठे बसू?"

"विरोधी बाकावर," सभापती म्हणाले.

शपथ घेऊन हेमांगीताई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच समोरच्या बाकावरून यंत्राचा शांत आवाज आला, "पंतप्रधान महोदया, उत्तरेच्या घुमटात हवा कमी पडतेय. काय करणार आहात?"

हेमांगीताई उत्तराला उभ्या राहिल्या, पण आधी त्यांनी त्या बाकाला हात जोडले.