मैदानाकडून उगवलेला सूर्य

"शाळा बांधायच्या आधीच वर्गात कुठं ऊन पडेल, ते मृण्मयीनं कॉम्प्युटरवर दाखवलं!" साहेबांचं कौतुक ऐकून, वीस वर्षं हातानं आराखडे काढणाऱ्या कुंदाताईंच्या पोटात दुखलं.

पडद्यावर सूर्य मैदानाकडून उगवला. मैदान तर पश्चिमेला!

"अगं, तुझी उत्तर दिशाच उलटी आहे!" ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही.

मृण्मयीनं जागेचा नकाशा पाहिला, मग ताईंकडे पाहिलं. "चुकलं माझं," म्हणत तिनं नकाशा घडी करून ताईंच्या हातात दिला.

ताईंनी तो उलगडला. उत्तरेचा बाण उलटा काढलेला होता आणि खाली सही त्यांचीच होती.

साहेब मृण्मयीला फैलावर घेत होते, ती निमूट ऐकत होती. ताईंना आता तिच्या कॉम्प्युटरपेक्षा त्या निमूटपणाचाच हेवा वाटला. तरीही त्यांनी नकाशा हळूच पर्समध्ये सरकवला.