परातीतली नाचणी

“यंदा बाळयेशूचा गोठा मांडायचा नाही, दारात चांदणीही नको,” बाबांना मातीआड करून आल्यावर आईनं सांगितलं होतं. नाताळ उद्यावर आला. वसईतल्या त्या आळीत ओट्याओट्यावर चांदण्या लागल्या. यांचाच ओटा तेवढा ओकाबोका.

बादली शोधत रेजिना विहिरीमागे गेली आणि थबकली. पत्र्याच्या आडोशाला बाबांची जुनी परात होती. गोठ्यात हिरवं गवत दिसावं म्हणून ते दर डिसेंबरात तिच्यात नाचणी पेरायचे. म्हणजे जाण्याआधी यंदाचीही पेरून ठेवली होती. कोंब बोटभर तरारले होते आणि माती ओली होती.

तिनं वळून पाहिलं. मागे आई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

“रोज ठरवते, आज पाणी घालायचं नाही,” आई म्हणाली. “पण त्यांच्या हातचं शेवटचं पेरलेलं आहे. कसं वाळू देऊ गं?”

आईनं परातीत तांब्या रिता केला, पदराला हात पुसले.

“माळ्यावरनं मूर्ती काढ,” ती म्हणाली. “आणि गवत बैलाच्या तोंडापाशीच ठेव. ते तिथंच ठेवायचे.”